दोनदा पीं म्हणजे नाही

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले की काकूंच्या घरात कुणाचा संगणक बरा यावरून लढाई ठरलेली. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला पुतण्या आणि मधे पाण्याचा जग. जावयाच्या लॅपटॉपवर पेंग्विनचं चित्र चिकटवलेलं, पुतण्याच्या लॅपटॉपवर एक घास खाल्लेलं सफरचंद. काकू मनातल्या मनात त्यांना पेंग्विन आणि सफरचंद म्हणू लागल्या, मग एकदा चुकून मोठ्यानं म्हणाल्या, आणि तेव्हापासून घरात दोघांची खरी नावं फक्त पोस्टमन घेई.

"काय मेहुणे, यंदा चार्जरचं भोक कुठल्या आकाराचं?" पेंग्विननं पहिल्या घासाबरोबर सुरुवात केली.

"जिजू, तुमचा प्रिंटर लागला का? मागच्या रविवारी लागणारच होता."

"लागला की. अकरा ओळी टाइप कराव्या लागल्या फक्त."

"आमच्याकडे बटण असतं."

"असतं ना. एकच असतं. आणि त्यानं काय करायचं ते बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं."

"मला गाडीचं तिकीट छापायचं होतं," काकूंची लेक शांतपणे म्हणाली. "शेजारी जाऊन छापून आणलं."

काकू हसत बसत. लोकांना वाटे, बिचाऱ्या म्हाताऱ्या बाईला यातलं काय कळतंय! पण ही दोघं रांगतही नव्हती तेव्हा काकू एका मोठ्या कचेरीच्या संगणक केंद्रात कामाला होत्या. खोलीएवढं यंत्र, धूळ आत जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर, आणि आत इतकी थंडी की ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायचं. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. एकदा जिन्यात पाय घसरला आणि दोन हजार कार्डं तीन मजले खाली उधळली गेली. काकू रडल्या नाहीत. गठ्ठ्याच्या कडेवर त्यांनी पेन्सिलीनं आधीच एक तिरकी रेघ मारून ठेवली होती. ती रेघ पुन्हा सलग जुळेपर्यंत जिन्यात बसून कार्डं लावली, झालं.

आणि भांडणांचं म्हणाल तर तेव्हाही हेच होतं. मोजणी शून्यापासून सुरू करायची की एकापासून, यावरून केंद्रातले दोन गृहस्थ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी एकाला मुलगी झाली तेव्हा दुसऱ्यानं त्याच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, "शून्याव्या अपत्याबद्दल अभिनंदन." त्या दिवशी समेट झाला. म्हणून काकूंना पेंग्विन-सफरचंदाची काळजी वाटत नसे. जी माणसं इतक्या मनापासून भांडतात ती एकमेकांशिवाय जेवू शकत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं.

पण त्या रविवारी दोघांचं चक्क एकमत झालं, आणि काकूंनी हातातला घास खाली ठेवला.

"काकू, दुकानातला तुमचा प्रोग्राम आता काढायचा," सफरचंद म्हणाला. "आम्ही दोघं मिळून नवा करतो."

दुकान काकूंच्या दिरांचं, म्हणजे सफरचंदाच्या वडिलांचं. शिलाई मशीनचे सुटे भाग विकायचे ते. सुया, बॉबिनी, पट्टे, शटल, स्क्रू. भिंतभर लाकडी खण आणि प्रत्येक खणावर चार आकडी नंबर. चौतीस वर्षांपूर्वी काकूंनी संध्याकाळचं तीन महिने बसून त्या दुकानासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. वस्तूचा नंबर टाइप करा, नग टाइप करा, मागच्या खोलीत प्रिंटर किरकिर करत बिल काढणार आणि त्या बिलावरून दुकानात कामाला असलेली मावशी माल बांधणार. यंत्राची पेटी दोनदा बदलली, पंख्याचा आवाज पीठगिरणीसारखा झाला, सकाळी सुरू करताना डावीकडून एक चापट मारावी लागे. प्रोग्राम मात्र तोच.

"अवश्य काढा," काकू म्हणाल्या. "मी साठाव्या वर्षी निवृत्त झाले. त्यानं का जन्मभर राबायचं?"

आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. टेबलाच्या टोकाला बसलेले भावजी मात्र ताटात बोट फिरवत होते.

"राहू दे ना," ते म्हणाले. "चाललंय की."

"बाबा, पंख्याचा आवाज ऐकलाय का? एक दिवस विमानासारखं उडून जाईल ते."

"उडालं की बघू."

एरवी एका वाक्याला दहा वाक्यं जोडणारा माणूस. पण त्या दिवशी त्यांनी पुढे काहीच जोडलं नाही. म्हातारपणाचा हट्ट, असं म्हणून काकूंनी ते सोडून दिलं.

नवा प्रोग्राम कुठल्या यंत्रावर चालवायचा यावर दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी तोडगा निघाला: तो इंटरनेटच्या पानासारखा उघडेल, म्हणजे प्रत्येकाला म्हणता येईल की तो आपल्याच यंत्रावर बरा चालतो. दुकान बंद असताना एकदा पेंग्विननं जुन्या यंत्राची पेटी उघडून त्यातली डिस्क काढली, घरी नेऊन सगळी माहिती उतरवून घेतली आणि डिस्क परत जागच्या जागी बसवली. दोन महिन्यांत नवा पडदा तयार झाला. प्रत्येक वस्तूचा रंगीत फोटो, गोल कडा, आणि कुठं म्हणून आवाज नाही. शिवाय हुशार इतका की दोन आकडे टाइप केले की उरलेले आपणच ओळखायचा. जुनं यंत्र चादर पांघरून मागच्या खोलीत गेलं.

सोमवारी नवा प्रोग्राम सुरू झाला आणि बुधवारी सकाळी काकूंचा फोन वाजला.

"वहिनी, जरा येता का दुकानात?" भावजींचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

काकू पोचल्या तेव्हा एक शिंपीणबाई काउंटरवर सुयांची खोकी आपटत होती. "सोळा नंबरची पाच पाकिटं सांगितली होती मी, जाड कापडाच्या सुयांची. आणि हे बघा! नऊ नंबर! सोळा पाकिटं! मी काय रेशमी रुमाल शिवते का?"

"आणि काल त्या गृहस्थांना पट्टा आहे म्हणून बसवून ठेवलं," मागच्या खोलीतून मावशीनं भर घातली. "मी खण उपसते, उपसते, पट्टा कुठाय! महिना झाला संपून. मी बिलात असेल तेच बांधते बाई. बिलात हत्ती लिहिला तर हत्ती बांधीन."

सफरचंदानं शिंपीणबाईंना योग्य सुया दिल्या, माफी मागितली आणि त्या गेल्यावर वडिलांकडे वळला. तो वाईट मुलगा नव्हता. पण तीन दिवस फोनवर शिव्या खाल्लेला माणूस होता.

"बाबा, तीन दिवसांत नऊ चुका. मावशीसुद्धा दोन दिवसांत शिकली. मला वाटतं, आता तुम्ही घरी आराम करा. मी माणूस ठेवतो काउंटरला."

 भावजींनी काउंटरच्या लाकडावरून हात फिरवला. चाळीस वर्षं त्याच जागी तळवा घासून तिथं एक खळगा पडला होता.

काकूंना वाटलं होतं, आपण एखादं बटण दाखवून परत जाऊ. आता त्यांनी स्टूल ओढलं.

"आराम पुढच्या आठवड्यात ठरवू," त्या पुतण्याला म्हणाल्या. "तू तुझ्या कामाला जा. मी आज इथं बसते."

संगणक केंद्रातल्या त्यांच्या साहेबांचा एक नियम होता. ज्यानं नवा प्रोग्राम लिहिला त्यानं तो वापरणाऱ्याच्या शेजारी एक आख्खा दिवस बसायचं, दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवून. बोलायचं नाही, दाखवायचं नाही, बोट करायचं नाही. साहेब म्हणत, "हात शिवशिवायला लागले की समजा, चूक तुमची आहे." सगळ्या केंद्राला या नियमाचा वैताग होता. एका शहाण्यानं तर साहेबांना वाढदिवसाला हात बांधायची दोरी दिली होती.

काकूंनी हात मांडीवर ठेवले आणि बघत बसल्या.

भावजी नेहमीसारखे गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होते. सुनेचं बाळंतपण, मशीनची कुरकुर, सगळी चौकशी. तोंड गिऱ्हाइकाकडे, बोटं कीबोर्डवर. २-१-१-६, एंटर. बोटं झरझर चालली, जुन्याच चालीनं. पण नवा हुशार पडदा पहिल्या दोन आकड्यांवरच "सर्वांत जास्त खपणारी सुई, नऊ नंबर" असं ठरवून मोकळा झाला आणि उरलेले सोळा त्यानं नगांच्या खान्यात टाकले. काकूंचे हात शिवशिवले. त्यांनी ते मांडीखाली दाबले.

आणि मग त्यांना ते दिसलं. एंटर दाबल्यावर भावजी थांबत. क्षणभरच. मान जराशी उजवीकडे झुकवून. कुणी हाक मारलीय का, असं ऐकायला थांबावं तसं. काहीच आलं नाही की चेहरा गोंधळे, आणि मग ते अंदाजानं म्हणत, "आहे, आहे, देतो."

दुपारी दुकान रिकामं झालं. काकू सहज म्हणाल्या, "भावजी, ते कोपऱ्यात लाल अक्षरांत काय लिहिलंय हो?"

"चष्मा घरी राहिला, वहिनी."

चष्मा नाकावर होता.

 मग काकू उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि जुन्या यंत्रावरची चादर काढली. सगळ्या वायरी जोडल्या, डावीकडून चापट मारली. पंखा घरघरला. आतून डिस्कची ओळखीची टकटक आली. पडदा काळाच राहिला. त्यांनी उजेडाची खुंटी फिरवली, वायर काढून घातली. काळाच.

"तो गेलाय," दारातून भावजी म्हणाले. "आठ महिने झाले."

"आठ महिने? मग तुम्ही काम कशावर करत होतात?"

"तुमच्या पीं-पींवर."

काकू खोक्यावर बसल्या. चौतीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ त्यांना आठवली. भावजी तेव्हाही असेच गप्पिष्ट होते. पडद्याकडे बघा, बघा म्हणून काकूंचा घसा बसला, तरी हे आपले गिऱ्हाइकाकडे बघून हसतायत. शेवटी रागानं काकूंनी प्रोग्रामला आवाज दिला. माल असेल तर एकदा पीं. नसेल तर दोनदा. काही घोळ असेल तर तीनदा, आणि पडद्यावर अक्षरं यायची, "भावजी, वहिनीला विचारा." निव्वळ टोमणा होता तो. महिनाभर घरात सगळे त्यावर हसले, आणि नंतर विसरले.

भावजी विसरले नव्हते.

"डोळ्यांचं मधलं गेलंय, वहिनी," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. माणूस ओळखतो, रस्ता ओळखतो. अक्षर तेवढं विरघळतं. खण मला हातांनी पाठ आहेत, नंबरही. पडदा गेला तेव्हा माझं काही अडलंच नाही, म्हणून बोललो नाही. आणि खरं सांगू? बोललो असतो तर पोरानं घरी बसवलं असतं. घरी बसून मी काय करू? भिंतीशी गप्पा मारू?"

काकूंना हसू यायला लागलं. आधी बारीक, मग आवरेना, मग डोळ्यांतून पाणी.

"हसताय काय वहिनी? इथं माझा जीव जातोय!"

"अहो, जन्मभर ओरडले की पडद्याकडे बघा, पडद्याकडे बघा... आणि तुम्ही आठ महिने पडद्याशिवाय धंदा केलात. माझा प्रोग्राम इतका चांगला आहे हे मलाच माहीत नव्हतं."

भावजीही हसले, पण लगेच गंभीर झाले. "पोराला सांगू नका."

"मी नाही सांगणार," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "पण त्याला डोळे आहेत. त्याचा तो बघेल."

शनिवारी त्यांनी दोन्ही इंजिनिअरांना फर्मान काढलं. जुनं यंत्र काउंटरवर परत आलं. मागे दोन स्टुलं. पेंग्विन आणि सफरचंद येऊन बसले, आणि बसता क्षणी दोघांच्याही नजरेस तो काळा पडदा पडला.

"आई, वायर सैल आहे," पेंग्विन अर्धा उठला.

"हात मांडीवर."

"काकू, स्क्रीन बंद आहे! मी माझा लावतो, दोन मिनिटांत..."

"मांडीवर म्हटलं ना! आणि तोंड बंद. दुकान बंद होईपर्यंत."

त्या दिवशी दोघांचे जे हाल झाले ते वर्णन करण्यासारखे नाहीत. बंद पडदा समोर असताना त्याला हात लावायचा नाही, ही शिक्षा त्या जातीच्या माणसांना उपाशी ठेवण्यापेक्षा कठीण. पेंग्विनचे गुडघे नाचत होते. सफरचंदानं दोनदा खिशातून फोन काढला आणि काकूंची नजर पाहून परत ठेवला. मावशीनं चहा आणला तेव्हा काकूंनी कप उचलण्यापुरता एक हात मोकळा केला.

आणि भावजी धंदा करत होते.

"या, या! शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं म्हणे? अहो, मला सगळं कळतं." २-१-१-६, एंटर. पीं. ५, एंटर. मागे प्रिंटरची किरकिर. "सोळा नंबर पाच पाकिटं, मावशी!" पुढचं गिऱ्हाईक. ४-०-३-२, एंटर. पीं पीं. "पट्टा संपलाय हो, मंगळवारी येतो, तुमचा राखून ठेवतो." बोटं एका चालीत, जीभ दुसऱ्या चालीत, आणि मान जराशी उजवीकडे.

अकरा वाजेपर्यंत दोघं पडद्याकडे बघत होते. बारा वाजता त्यांची नजर भावजींच्या बोटांवर गेली. तीनच्या सुमारास पेंग्विनचे गुडघे थांबले. सफरचंद मात्र आता बोटांकडेही बघत नव्हता. तो वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

संध्याकाळी शटर अर्धं खाली आल्यावर काकू म्हणाल्या, "बोला आता. किती चुका?"

"एकही नाही," पेंग्विन म्हणाला. मग उठून भावजींसमोर उभा राहिला. "काका, आमच्या ग्रूपमध्ये एकजण माउस वापरत नाही म्हणून सहा वर्षं भाव खातोय. त्याला मी आणून तुमच्या पायांवर घालतो. तुम्ही तर स्क्रीनच वापरत नाही! हे मी सांगितलं तर कुणीही मला खोटारडा म्हणेल."

 भावजी घाबरून बसले होते, आणि समोर हा मनुष्य हात जोडून उभा.

सफरचंद स्टूल ओढत वडिलांच्या अगदी जवळ गेला. "बाबा, केव्हापासून?"

"आठ महिने."

"मी रोज येतो दुकानात."

"येतोस. फोनवर बोलत येतोस, बोलत जातोस."

त्यानं खिशातला फोन काढून बंद केला. मग म्हणाला, "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर. आणि काउंटरला माणूस ठेवत नाही."

"का? ठेव की," भावजींचा आवाज आता परत जागेवर आला होता. "गप्पा मारायला एक लागतोच."

डॉक्टरांनी सांगितलं, मधलं गेलं ते गेलं, कडेचं औषधानं टिकेल. कडेवर भावजींचं आयुष्य छान चालणार होतं. राहिला नवा प्रोग्राम. ओळखण्याची हुशारी त्यातून काढली आणि चारही आकडे टाइप होईपर्यंत त्यानं गप्प बसायचं असं ठरलं. एवढ्यावर दोघांचं लगेच जमलं. मग आवाजाचा प्रश्न आला आणि रविवारची लढाई पुन्हा जुंपली. सफरचंदाला मंद घंटेसारखा सुरेल आवाज हवा होता. पेंग्विन म्हणाला, चाळीस आवाज देऊ, ज्याला जो हवा तो त्यानं निवडावा.

"पीं," भावजी म्हणाले.

"बाबा, तो फार कर्कश आहे."

"पीं."

शेवटी दोघं मागच्या खोलीत जुन्या यंत्रासमोर फोन धरून गुडघ्यांवर बसले. मावशीला चिकटपट्टी ओढायची बंदी, काकूंना खोकायची बंदी. पंख्याचा आवाज मधे येतो म्हणून सफरचंदानं तो पुठ्ठ्यानं अडवून धरला आणि पेंग्विननं आवाज टिपून घेतला. एकदा. दोनदा. तीनदा. दोन मोठे इंजिनिअर, वीस वर्षांचा अनुभव, आणि काम काय, तर पीं.

नवा प्रोग्राम सुरू होऊन आता बरेच दिवस झाले. शिंपीणबाईंना सोळा नंबरच्याच सुया मिळतात. रविवारी दोघं भांडतात, लेक शेजारी जाऊन छापून आणते. जुनं यंत्र मागच्या खोलीत आहे. मावशी त्यावर बिलं वाळत घातल्यासारखी पसरून ठेवते.

एक गोष्ट मात्र काकूंना कुणी सांगितली नव्हती. गेल्या मंगळवारी दुपारी त्या खुर्चीत जरा लवंडल्या होत्या, इतक्यात बाजूला ठेवलेला फोन वाजला. नेहमीसारखा नाही. पीं पीं पीं. काकू दचकून उठल्या. फोनच्या पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत आलं होतं, "भावजी, वहिनीला विचारा." पोरांनी तिसरा आवाज थेट त्यांच्या फोनला जोडून ठेवला होता, घोळ झाला की दुकानातून आपोआप फोन लागेल असा.

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडे दुकानाची गडबड, कुणीतरी बॉबिनींचा भाव विचारत होतं.

"काय घोळ घातलात, भावजी?" काकूंनी विचारलं.

"घोळ कसला! पाच आकडे मुद्दाम दाबले," भावजी म्हणाले. "म्हटलं, बघावं वहिनी येतात का."